आरोलकर मास्तरांचं वर्षासन

आमच्या धंद्यात माणूस मेला म्हणून सुटत नाही. घरचे स्मशानातून परततात, तेरावा होतो, आलेले पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि मग एका सकाळी तपकिरी पाकिटातून नोटीस येते. नाव गेलेल्या माणसाचंच असतं, फक्त त्याच्याआधी 'कैलासवासी' आणि नंतर 'यांचे कायदेशीर प्रतिनिधी' एवढी भर पडलेली असते. अशी नोटीस पहिल्यांदा हातात पडलेली बाई ती घेऊन दारातच उभी राहते. घरात घ्यावी की नाही हे तिला कळत नाही. अशा बऱ्याच जणी मी पाहिल्या. त्यांतल्या एकीबद्दल लिहायचं आहे.

मी इन्कम टॅक्सचं काम करतो. खात्यात नाही, अधिकाऱ्याच्या टेबलाच्या अलीकडच्या खुर्चीत. आज दादरला माझ्या नावाची पाटी आहे, पण धंदा शिकलो तो गिरगावात, सबनीस वकिलांच्या कचेरीत. अंधारा लाकडी जिना, वर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत मी आणि टाइपरायटर, आत साहेब. लोकांची समजूत अशी की आमचं काम म्हणजे कर चुकवायला मदत करणं. प्रत्यक्ष काम त्याहून पुष्कळ कंटाळवाणं आहे. लोक पिशवीतून कागद आणतात. ते तारीखवार लावायचे, वर्षभराची मिळकत एका छापील फॉर्मवर, म्हणजे रिटर्नवर, उतरवायची, गिऱ्हाइकाची सही घ्यायची, आणि अधिकाऱ्याने बोलावलं की समोर बसून प्रत्येक आकडा कुठून आला ते सांगायचं.

गिऱ्हाइकं मात्र एकेक असत. भायखळ्याचा एक भाजीचा अडत्या अधिकाऱ्याशीही भाव केल्यासारखा बोले आणि उठताना, "थोडं अजून उतरवा की साहेब," म्हणे. खोताच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ पियानो दुरुस्त करत. ते आपल्या गिऱ्हाइकांची नावं सांगायला तयार नसत. "त्यांचे पियानो बेसूर झाले होते हे मी सरकारला का कळवू?" असं त्यांचं म्हणणं. अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा म्हणणाऱ्या संपादकांना अशाच गोष्टी हव्या असाव्यात. मी त्याच लिहायला बसलो होतो. पण प्रत्येक वेळी पान काढलं की आधी आरोलकर मास्तर समोर येत, आणि पियानोवाले मागे राहत.

आत्माराम आरोलकर हे परळच्या एका गिरणीत विव्हिंग मास्तर होते, म्हणजे मागांचं सगळं खातं त्यांच्या हाताखाली. मूळ मालवणकडचे, राहायला लालबागला. निवृत्त झाले तेव्हा गिरणीने त्यांना वर्षासन बांधून दिलं. म्हणजे गिरणीने एका विमा कंपनीकडे एकरकमी पैसे भरले आणि कंपनीने त्यातून मास्तर जिवंत असेपर्यंत दर तीन महिन्यांनी ठरलेली रक्कम त्यांना द्यायची. पण जिवंत आहेत हे कंपनीला कळणार कसं? म्हणून वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागे. कंपनीचा छापील इंग्रजी फॉर्म असे. त्यावर डॉक्टरने नाहीतर मॅजिस्ट्रेटने लिहून द्यायचं, की अमुक अमुक, राहणार अमुक ठिकाणी, मुंबई राज्य, हे आज माझ्यासमोर हजर असून जिवंत आहेत. दाखला पोचला नाही की वर्षासन थांबे.

छप्पन्न सालच्या अखेरीला मोठं द्वैभाषिक मुंबई राज्य झालं आणि संयुक्त महाराष्ट्राची मागणी होती तिथेच राहिली. गिरगावात, लालबागला एकही भिंत डांबराच्या अक्षरांवाचून उरली नव्हती. मास्तर कधी मोर्चात दिसले नाहीत. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हळू बोलणं. पण त्यांची एकुलती मुलगी बेळगावात दिलेली होती, आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं ही गोष्ट ते कुणी भर दिवसा घरातली वस्तू उचलून नेल्यासारखी सांगत.

पुढच्या वर्षी रिटर्नचे कागद घेऊन ते आमच्याकडे आले. खुर्चीत बसून, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "पाटणकर, यंदा वर्षासन आलेलं नाही."

"का हो मास्तर?"

त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दाखला काढला. फॉर्मवरच्या 'मुंबई राज्य' या छापील शब्दांवर तांबड्या शाईची सरळ रेघ होती. वर 'महाराष्ट्र' असं लिहिलेलं, आणि बाजूला त्यांची आद्याक्षरं; हजेरीपटावर खाडाखोड झाली की गिरणीत करायची पद्धत होती तशी. सोबत कंपनीचं पत्र होतं. छापील मजकुरात फेरफार केलेला दाखला घेता येत नाही, नवा फॉर्म जोडला आहे. तो नवा फॉर्मही मास्तरांनी तशीच रेघ मारून पाठवला होता, आणि तोही परत आला होता.

"मी जिवंत आहे की नाही एवढंच त्यांनी बघायचं," मास्तर म्हणाले. "कुठल्या राज्यात जिवंत आहे ते माझं मी बघेन."

"डॉक्टर काही म्हणाले नाहीत?"

"म्हणाले ना. 'रेघ माझ्या सहीनंतर ओढा, म्हणजे मी त्यात नाही.'"

मी हसलो. मग म्हटलं, "पण मास्तर, पैसे अडकलेत तुमचे."

"अडकू देत. बुडत नाहीत. मला घोषणा देता येत नाहीत, घसा बसतो. एवढं येतं, ते करतो." आणि मग जरा पुढे वाकून त्यांनी विचारलं, "एक सांगा. हे पैसे मला मिळाले नाहीत, पण ते माझे आहेत. कंपनीनेही नाही म्हटलेलं नाही. रिटर्नमध्ये दाखवायचे का?"

"आलेच नाहीत ते कशाला दाखवायचे?"

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी सही केली आणि टोपी घालून गेले.

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. दुकानदाराची उधारी, भाडं, व्याज यांत मिळालं की मिळकत असं बरेचदा चालतं. पण मालकाकडून येणारा पगार, पेन्शन, वर्षासन यांचा नियम वेगळा. ती रक्कम ज्या दिवशी देणं लागली त्या दिवशी तुमची मिळकत झाली, हातात पडो वा न पडो. मधे विमा कंपनी असली तरी मास्तरांचं वर्षासन गिरणीचंच होतं. तेव्हा ते दाखवायला हवं होतं. मला हे माहीत नव्हतं. साहेबांना माहीत होतं, पण अशी लहान रिटर्नं ते माझ्यावर सोपवत आणि मी काढलेल्या फुलीवर न वाचता सही करत.

चार-पाच महिन्यांनी दुसऱ्या कुणाच्या कामासाठी साहेबांचं पुस्तक चाळताना तो नियम माझ्या डोळ्यांपुढे आला. मला मास्तर लगेच आठवले. त्याच वेळी उठून आत गेलो असतो, "साहेब, माझी चूक झाली, आपण सुधारलेलं रिटर्न भरू," असं म्हटलं असतं, तर दहा मिनिटांचं काम होतं. पण त्याच महिन्यात माझ्या हातून एका अपिलाची मुदत टळली होती. साहेब ओरडले नव्हते. "पाटणकर, पुन्हा असं झालं तर तुला दुसरी कचेरी बघावी लागेल," एवढंच शांतपणे म्हणाले होते. माझं लग्न ठरलेलं होतं. मी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं.

दुसऱ्या वर्षी मास्तर पुन्हा आले. पुन्हा तांबडी रेघ, पुन्हा कंपनीचं पत्र. "पाटणकर, यंदा तरी दाखवायचं का?" आता मला उत्तर ठाऊक होतं. पण यंदा दाखवलं की गेल्या वर्षी का नाही हा प्रश्न आलाच. मी म्हटलं, "नको." तिसऱ्या वर्षी त्यांनी तोंड उघडताच मी "नको" म्हणून मोकळा झालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुम्ही म्हणता तर." छापलेले दोन शब्द कंपनीकडून निमूट घेतले नाहीत त्यांनी, माझा एक शब्द तीनदा घेतला.

एकोणसाठच्या गणपतीनंतर मास्तर गेले. छातीत कळ आली, डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. त्यांच्या पत्नी सुमतीबाई, ज्यांना मी काकी म्हणत असे आणि ज्या मला श्रीधर म्हणत, त्यांनी मृत्यूचा दाखला कंपनीकडे पाठवला. त्यावर रेघ ओढायला मास्तर नव्हते. मास्तर वारल्याचा कागद हातात आल्यावर कंपनीची खात्री पटली की तोवर ते जिवंत होते. अडकलेलं सगळं वर्षासन, अगदी मास्तर गेले त्या दिवसापर्यंतचं, एका चेकने काकींना मिळालं. काकींनी ते पोस्टात ठेवलं. बेळगावच्या मुलीने चल म्हटलं होतं, पण जावयाच्या दारात बसायचं नाही, लालबागच्या खोलीत स्वतःच्या ताटात जेवायचं, हे त्यांनी त्या पैशाच्या जोरावर ठरवलं.

कंपनीने दिलेल्या रकमेची माहिती नेहमीप्रमाणे टॅक्सच्या कचेरीत गेली. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे नोटीस आली. तीन वर्षं मिळकत लपवली. कर का घेऊ नये, आणि वर कराच्या दीडपटीपर्यंत दंड का करू नये.

काकी ती घेऊन गिरगावात आल्या. जिना चढून दम लागला होता. त्यांच्या बोलण्यात मालवणी येई; मला जमेल तशी लिहितो.

"श्रीधर, खालच्या बिऱ्हाडातल्यांनी वाचून सांगल्यानी. ह्यात लपयलां असां लिवलेलां हा?"

"ती त्यांची छापील भाषा असते, काकी. सगळ्यांना तीच जाते."

"गिरणीतलां सूतसुद्धा कधी घराक आणूक नाय तेंनी," त्या म्हणाल्या. "पैसे जातले तर जाऊंदेत. अर्धे गेले तरी मी भागवीन. पण ह्यां तेवढां पूस."

साहेबांनी काकींना आत बसवलं, पाणी दिलं, आणि मला बाहेर बोलावलं. हातात मास्तरांची फाइल होती.

"मास्तरांनी तुला या अडकलेल्या वर्षासनाबद्दल काही सांगितलं होतं?"

मी फाइलकडे बघत होतो. तिसऱ्या वर्षीच्या रिटर्नवर माझ्याच अक्षरात सगळे आकडे होते.

"नाही," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"नाही, साहेब."

साहेब सज्जन माणूस. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जरा वेळ विचार करून म्हणाले, "मग एकच मार्ग आहे. सगळं गेलेल्या माणसाकडे. बाईंना माहीत नव्हतं, आपल्याला माहीत नव्हतं. मेलेल्याला दंड करून अधिकारी काय मिळवणार? मी निवेदन सांगतो, तू टाइप कर." आणि त्यांनी इंग्रजीत दोन पानं सांगितली. कैलासवासी आपले व्यवहार एकटेच पाहत. या अडकलेल्या वर्षासनाची माहिती त्यांनी पत्नीपासून व आपल्या सल्लागारांपासूनही दडवून ठेवली. मिळकत न दाखवण्याचा दोष सर्वस्वी त्यांचा. मी टाइप केलं. एकही अक्षर चुकलं नाही.

इंग्रजी न येणाऱ्या माणसाची सही घेताना आमच्याकडे एक पद्धत असते. सहीच्या खाली आणखी दोन ओळी येतात: वरील मजकूर मी यांना मराठीत वाचून व समजावून सांगितला, त्यांना तो पटला, त्यानंतर त्यांनी माझ्यासमोर सही केली. त्याखाली वाचून दाखवणाऱ्याची सही. रोजचं काम असल्यामुळे त्या ओळींकडे कुणी पाहत नाही. साहेबांनी मात्र निघताना मला बजावलं, "नीट समजावून सांग हो. बाईंना वाईट वाटेल, पण सही त्यांची आहे. समजून केलेली बरी."

मी लालबागला गेलो. काकींची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. मास्तरांचा कोट खुंटीला तसाच होता.

"बस. चाय ठेवतंय."

"नको काकी, आधी सही होऊ दे."

"माका इंग्रजी येणा नाय. तू वाच, मी आयकतंय."

त्या समोर पाटावर बसल्या, पदर सावरून, पोथी ऐकायला बसतात तशा. मी कागद डोळ्यांसमोर धरला आणि वाचायला लागलो. माझे पती व्यवहारात चोख होते. हयातीच्या दाखल्यावरून कंपनीशी मतभेद झाल्यामुळे वर्षासन त्यांच्या हयातीत मिळालं नाही. मिळालं नाही म्हणून ते दाखवलं गेलं नाही. लबाडीचा हेतू नव्हता. जो कर होईल तो मी भरायला तयार आहे. हे सगळं मी कागदावर नजर ठेवून, मधे मधे अडखळत, भाषांतर करताना अडखळतो तसा, म्हणून दाखवलं. त्यातलं शेवटचं एक वाक्य तेवढं कागदावर होतं.

काकींनी माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "इतक्याच? कागद तर दोन पानांचो दिसता."

"कायद्याची भाषा लांबट असते, काकी."

"तेंनी लपयलां असां खंय लिवलेलां नाय मा?"

"नाही."

"मगे दी."

चष्मा लावून त्यांनी सही केली. मराठी चौथीपर्यंत शिकलेल्या. प्रत्येक अक्षराला वेगळी रेघ देत पूर्ण नाव लिहिलं, सुमती आत्माराम आरोलकर. 'आत्माराम' जरा मोठं आलं. मग मी खालच्या दोन ओळींखाली माझी सही केली. मग चहा प्यायलो.

सुनावणी दहा मिनिटांत संपली. अधिकारी दक्षिणेकडचे होते, थकलेले, भले. निवेदन वाचून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "म्हाताऱ्याने तुमच्यापासूनही लपवलं होतं?"

"होय, सर," मी म्हटलं.

"असतात अशी माणसं," ते म्हणाले आणि दंड सोडून दिल्याचा शेरा मारला. कर आणि त्यावरचं व्याज एवढंच भरावं लागलं. काकींच्या ताटाला धक्का लागला नाही.

बाहेर व्हरांड्यात त्या बाकावर थांबल्या होत्या. मी दंड माफ झाल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, "तेंच्या नावार काय ऱ्हवलां नाय मा?"

"काही नाही, काकी."

त्या दिवसापासून दर उन्हाळ्यात गावाहून आलेली आमसुलं, त्यांच्या भाषेत सोलं, माझ्या घरी येऊ लागली. धुतलेल्या कापडात बांधलेली, वर माझं नाव. मी त्यांच्या व्याजाचे, पोस्टाचे कागद दर वर्षी फुकट करून देत असे. त्याला त्या माझा चांगुलपणा म्हणत आणि शेजारपाजारी सांगत. माझी बायको सोलकढी करी आणि म्हणे, "आरोलकर काकींचं मन किती मोठं आहे." मी पीत असे.

साहेबांनी कचेरी बंद केली तेव्हा आम्ही दोघे जुन्या फायली निवडत होतो. कुठल्या गिऱ्हाइकाला परत द्यायच्या, कुठल्या फाडायच्या. मास्तरांची फाइल हातात आली तशी साहेब म्हणाले, "विलक्षण गृहस्थ. आपल्यालासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं असतं आणि तुझ्या हातून राहिलं असतं ना, तरी काही बिघडलं नसतं. मी तसंच लिहून दिलं असतं. सल्लागाराच्या चुकीबद्दल गिऱ्हाइकाला कोण दंड करतो?"

"करत नाहीत?"

"प्रामाणिकपणे विचारून वागलेल्याला? छे. उलट अधिकाऱ्याने मास्तरांचं कौतुक केलं असतं." त्यांनी फाइल फाडायच्या गठ्ठ्यावर टाकली. "तुझ्याशी मात्र मी दोन दिवस बोललो नसतो."

दोन दिवस. ते पुढच्या फायलीकडे वळल्यावर मी त्या गठ्ठ्यातून निवेदनाची नक्कल काढून घेतली. साहेब दोन वर्षांनी वारले. त्यांना सांगायचं राहूनच गेलं असं मी म्हणू शकतो, पण राहून गेलं नाही. मी सांगितलं नाही.

यंदा अंकासाठी लिहा असं पत्र आलं आणि सुरुवातीला म्हटलं तसं झालं. पानामागून पान फाडलं. शेवटी एका रविवारी ती नक्कल घेऊन लालबागला गेलो. काकी आता सत्तरीच्या पुढे आहेत. जिना उतरत नाहीत, पण स्वतःचं स्वतः करतात. शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी निवडत बसल्या होत्या.

"काकी, एक कागद पुन्हा वाचायचा आहे."

"कसलो?"

"मास्तरांच्या नोटिशीच्या वेळचा. तुम्ही सही केली होती तो. मी तेव्हा वाचला तसा तो नव्हता."

त्यांचे हात थांबले. मी वाचला. या वेळी ओळ न ओळ, सरळ मराठीत, दोन्ही पानं. 'दडवून ठेवली' या शब्दांपाशी मला थांबावंसं वाटलं, थांबलो नाही. मग मास्तर दर वर्षी मला काय विचारत आणि मी काय उत्तर देत असे तेही सांगितलं. साहेबांनी विचारल्यावर मी काय म्हणालो तेही.

गॅलरीतून कुणीतरी "काकी, पाणी भरलं का?" म्हणून विचारत गेलं. त्यांनी हातातला पाला परातीत ठेवला.

"म्हणजे सरकारात असां लिवलेलां हा, की तेंनी माका फसयलां."

"हो."

"आणि खाली माझी सही."

"हो. आणि तिच्याखाली माझी."

"तुझ्या सायबाक म्हायत होतां?"

"नाही."

"पुसूक येता?"

"नाही, काकी. तो अधिकारी कधीच निवृत्त झाला. जुन्या फायली ते नष्ट करतात. आता ती तिथे असेल की नाही हेही सांगता येत नाही."

"मगे माका आता कित्याक सांगलंस?"

कशाला सांगितलं, याचं उत्तर मी जुळवून आणलं होतं. तुम्हाला कळायला हवं होतं, मास्तरांवर अन्याय झाला, असं काहीसं. ते बोलायला मी तोंड उघडलं.

"तुका हलक्यां वाटूचां म्हणान," त्या म्हणाल्या.

"हो. तेच असेल."

"अठरा वर्सां माझी सोलां खाल्लंस."

त्या रडतील असं मला वाटलं होतं, किंवा जाऊ दे म्हणतील. येताना वाटेत मी या दोन्हींची तयारी केली होती. त्यांनी भाजीची परात बाजूला सारली, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि फळीवरून मास्तरांची जुनी दौत-टाकाची पेटी काढली. तिच्यात आता पोस्टाची पुस्तकं आणि एक बॉलपेन होतं. एक कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.

"लिव. तेंनी तुका काय सांगलेलां तां लिव. मराठीत लिव, माका वाचूक येय असां."

मी लिहिलं: 'कै. आत्माराम आरोलकर यांनी न मिळालेल्या वर्षासनाबद्दल मला सांगितले होते.'

त्यांनी कागद उचलून खिडकीशी नेला. अक्षरावर बोट ठेवून वाचला. परत आणून ठेवला.

"एकदा नाय. तीनदा."

मी 'तीन वर्षे, दर वर्षी' असं घातलं. पुन्हा वाचून झाल्यावर म्हणाल्या, "तुका ठावक होतां, तां खंय हा?" मी तेही घातलं. तिसऱ्या वाचनानंतर, खोटं वाचून दाखवलं ते राहिलं म्हणाल्या, तेही घातलं. चौथ्यांदा वाचल्यावर त्यांनी काही उणं काढलं नाही. तो मजकूर असा आहे:

'कै. आत्माराम आरोलकर यांनी तीन वर्षे, दर वर्षी, न मिळालेल्या वर्षासनाबद्दल मला सांगितले व ते रिटर्नमध्ये दाखवायचे का असे विचारले. मी नको म्हणालो. पहिल्या वर्षी मला नियम माहीत नव्हता. पुढची दोन वर्षे माहीत होता. त्यांनी काही लपवले नाही. लपवले ते मी, आणि त्यांच्या पत्नीला खोटे वाचून दाखवून त्यांच्या नावावर घातले.'

"छापणारे तुझे लोक आसत मा?" त्यांनी विचारलं. "मगे छाप. खालच्या बिऱ्हाडातल्यांनी नोटीस वाचलेली. तेंका ह्यांय वाचूक मिळूक होयां."

मी सही केली, तारीख घातली. आणि हाताच्या सवयीने कागद त्यांच्याकडे फिरवून, माझ्या सहीशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून, पेन पुढे केलं.

काकींनी पेनाकडे पाहिलं, घेतलं नाही.

"माझी कित्याक?" त्या म्हणाल्या. "ती तू एकदा घेतलंस."